पुढे चिखल, मागे हायवे

दहिसर चेकनाका ओलांडून काशिमिऱ्याच्या दिशेने निघालं की डाव्या हाताला पेणकरपाडा लागतो. गाडीतून जाणाऱ्याला तो वेगळा असा जाणवत नाही. गाळे, चाळी, त्यांच्या मागे उभे राहिलेले टॉवर, डोक्यावरून गेलेला मेट्रो ९चा उन्नत मार्ग आणि चोवीस तास वाहणारा हायवे, एवढंच नजरेला पडतं. पण हायवेच्या पलीकडे उजवीकडे पाहिलं तर डोंगर आहे. सुमारे १०३ चौरस किलोमीटर पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही इकडची कड. पश्चिमेला रेल्वे रूळ, रुळांच्या पलीकडे तिवरांचं रान, मिठागरं, खाडी आणि त्याही पुढे उत्तनचा समुद्र. उत्तरेला घोडबंदरचा किल्ला आणि वसईची खाडी. डोंगर, जंगल, मिठागर, खाडी, किल्ला आणि समुद्र एकाच महापालिकेच्या हद्दीत किंवा तिच्या अगदी काठावर आहेत, अशा जागा महाराष्ट्रात फार नाहीत.

तरीही मीरा रोड-भाईंदरचा हौशी फोटोग्राफर शनिवारी रात्री सॅक भरतो आणि माळशेज, लोणावळा नाहीतर हरिश्चंद्रगडाकडे निघतो. कोकणकड्याच्या ओढीला नावं ठेवायचं कारण नाही. तो कडा आहेच तसा. पण रोज ज्या डोंगराकडे पाठ करून आपण स्टेशनची रिक्षा पकडतो, त्याचा एकही धड फोटो आपल्याकडे नसतो. ‘इथे काय आहे फोटो काढण्यासारखं?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याचं सविस्तर उत्तर द्यायलाच हवं असं वाटलं. त्या उत्तरात एका झूम लेन्सचा वाटा मोठा आहे. कॅमेऱ्याच्या दुकानात तिला २४-१०५ किंवा २४-१२० म्हणून ओळखतात.

हे आकडे मिलिमीटरचे, म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराचे. फुल-फ्रेम कॅमेऱ्यात सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. त्यावर २४ मिलिमीटरला लेन्स ८४ अंशांचा कोन पाहते आणि १०५ला जेमतेम २३ अंशांचा. हिशेब जमिनीवर मांडला तर जास्त कळतो. तुमच्यापासून एक किलोमीटरवर डोंगराचा पायथा आहे असं धरा. २४ला त्या पायथ्याची दीड किलोमीटर रुंदी चौकटीत मावते. लेन्सची रिंग १२०वर नेली की उरतात ३०० मीटर. माणूस जागचा हललेला नसतो, पण चौकटीतला मुलूख क्षेत्रफळाने पंचवीस पटींनी आटलेला असतो. दीड किलोमीटरच्या पट्ट्यात टॉवर, होर्डिंग, मेट्रोचे खांब, झोपड्या, झाडं, कडा सगळं आहे. तीनशे मीटरमध्ये काय ठेवायचं, हे तुम्हाला ठरवावं लागतं.

झूम लेन्सबद्दल जाणकारांचा एक जुना आक्षेप आहे. झूम माणसाला आळशी करते, त्यापेक्षा एकाच नाभीय अंतराची प्राइम लेन्स घ्या आणि पायांनी झूम करा, असं ते सांगतात. सल्ला चांगला आहे, पण तो देणाऱ्याच्या समोर चालायला जमीन होती. पेणकरपाड्यात ती नाही. डोंगराकडे दोन पावलं पुढे जायचं तर मध्ये हायवे आहे आणि त्यावर कंटेनर धावताहेत. हायवे ओलांडला की लवकरच वनखात्याची हद्द. पश्चिमेला मिठागराच्या बांधापर्यंत जाता येतं, पण बांध सोडून खाली उतरलात तर गुडघाभर चिखल, आणि पुढे तिवरांची मुळं वर डोकं काढून उभी. घोडबंदरच्या बुरुजावरून एक पाऊल पुढे म्हणजे थेट उतार, आणि उताराखाली खाडी. इथे उभं राहायच्या जागा मोजक्याच आहेत. इमारतीची गच्ची, पादचारी पूल, रस्त्याची कड, बांध, बुरूज. जागा ठरलेली, समोरचं अंतर ठरलेलं. अशा ठिकाणी पायांचं काम रिंग करते आणि तिला आळशी म्हणणं हा अन्याय आहे.

उद्धव ठाकरे यांचं ‘महाराष्ट्र देशा’ हे हवाई छायाचित्रांचं पुस्तक २०१० साली आलं आणि मराठी घरांतून लोकांनी आपलेच किल्ले पहिल्यांदा वरून पाहिले. हेलिकॉप्टरमध्ये बसलेल्या फोटोग्राफरलाही दोन पावलं पुढे जाता येत नाही. पेणकरपाड्याच्या सातव्या मजल्याच्या गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाची अडचण त्याहून फार वेगळी नाही, फक्त त्याला वाट पाहायला वेळ भरपूर आहे.

तरी प्राइमवाल्यांच्या म्हणण्यातला एक भाग शंभर टक्के खरा आहे आणि झूम वापरणाऱ्याने तो आधी शिकावा. रिंग फिरवल्याने जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं आपसातलं प्रमाण बदलत नाही. ते बदलतं फक्त उभं राहायची जागा बदलल्याने. लोक म्हणतात, टेलिफोटोने डोंगर जवळ ओढला. डोंगर ओढला जातो तो आपण मागे सरकल्यामुळे.

हे नीट समजून घ्यायला एक उदाहरण घेऊ. समजा, ५० मीटर उंचीची इमारत तुमच्यापासून १०० मीटरवर आहे आणि तिच्या मागे, तुमच्यापासून ३ किलोमीटरवर, ३०० मीटर उंचीचा डोंगर. २४ मिलिमीटरने फोटो काढलात तर सेन्सरवर इमारत १२ मिलिमीटर उंच उमटते आणि डोंगर अवघा २.४ मिलिमीटर. फोटोत इमारत म्हणजे राक्षस आणि डोंगर म्हणजे तिच्यामागची एक हिरवी रेघ. आता त्याच रेषेत ४०० मीटर मागे या आणि रिंग १२०वर न्या. इमारत पुन्हा तेवढीच, १२ मिलिमीटर. डोंगर मात्र आता १०.६ मिलिमीटर! इमारतीच्या खांद्याला खांदा लावून तो उभा राहतो. दोन्ही फोटो खरे आहेत, एकातही लबाडी नाही. पण पहिल्यात शहराने डोंगर गिळलाय आणि दुसऱ्यात डोंगर शहराच्या उशाशी बसलाय. मीरा रोडला राहणाऱ्याच्या मनात डोंगराची जी जागा आहे ती दुसऱ्या फोटोत सापडते, असं माझं मत आहे, आणि त्यासाठी डोंगराच्या जवळ जाण्याऐवजी त्याच्यापासून लांब, स्टेशनच्या दिशेने जावं लागतं. म्हणजे आधी पाय आणि मग रिंग. झूमने जागा निवडायचं काम संपत नाही. जागा निवडून झाल्यावर चौकट आवळायचं काम ती करते.

या लेन्सला आजची प्रतिष्ठा मिळायला बराच काळ लागला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. त्या काळच्या फोटोग्राफरकडे ठरलेल्या नाभीय अंतराची लेन्स, काचेची प्लेट आणि ती ओली असतानाच धुवायला लागणारा काळोखाचा तंबू असे. झूम आधी सिनेमात आली. कुक कंपनीची ‘व्हारो’ ही ४०-१२० मिलिमीटरची लेन्स १९३२ची. स्थिर छायाचित्रणाच्या कॅमेऱ्यासाठी बाजारात आलेली पहिली झूम म्हणजे फोइगटलेंडरची ‘झूमार’, ३६-८२ मिलिमीटर, साल १९५९. निकॉनची ४३-८६ आली १९६३ला. ती खपली खूप, पण तिच्या कडांच्या मऊपणाबद्दल बोललंही खूप गेलं. ‘लँडस्केपसाठी झूम नको’ हा सल्ला त्या काळातला आहे आणि तेव्हा तो बरोबरही होता. भिंगं जितकी जास्त, तितके काच आणि हवा यांचे सांधे जास्त, आणि लेप नसलेल्या प्रत्येक सांध्यावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. कॅननच्या २००५ सालच्या २४-१०५मध्ये १३ गटांत मिळून १८ भिंगं आहेत, म्हणजे २६ सांधे. लेप नसता तर आत शिरलेल्या प्रकाशातला एक तृतीयांशच सेन्सरपर्यंत पोहोचला असता आणि उरलेल्यातला बराचसा आतल्या आत भटकून चित्र पांढुरकं करत राहिला असता. काचेवरचे लेप सुधारले, गोलाकार नसलेली भिंगं घडवता येऊ लागली, कॉम्प्युटरवर आखणी होऊ लागली, तशी झूम सुधारली. आज निकॉनची झेड माउंटची २४-१२० वजनाला ६३० ग्रॅम आहे, सोनीची २४-१०५ आहे ६६३ ग्रॅम. गड चढणाऱ्याला तीन लेन्सऐवजी एक नेण्याचा अर्थ पहिल्या खड्या चढावरच समजतो.

सपाटीवर, आमच्या मिठागरांत, एका लेन्सचा फायदा वेगळा. पावसात मिठागरं बुडालेली असतात. दिवाळीनंतर बांध दुरुस्त होतात, भरतीचं पाणी आत घेतलं जातं, ते एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरत आटत जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पांढरे ढीग दिसू लागतात. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि त्या वाऱ्यात खार असतो, बारीक माती असते. अशा वाऱ्यात लेन्स काढून दुसरी लावायची म्हणजे सेन्सर उघडा टाकायचा. छोट्या ॲपर्चरला आकाशात जे काळे ठिपके दिसतात ते त्या एका क्षणाचे असतात. घरून निघताना लावलेली झूम घरी येईपर्यंत न काढणं, हा मिठागरातला पहिला नियम.

तिथे दोन्ही टोकं कामाची आहेत आणि दोन्ही वेगळं बोलतात. बांधावर उकिडवं बसून २४ला मिठाच्या ढिगाजवळ गेलं की ढीगच डोंगर होतो. दाणे वेगळे दिसतात, त्यांच्यावरची ओल दिसते, ढिगाच्या उतारावर फावड्याने मारलेल्या रेघा दिसतात. मागे पाण्याचे चौकोन आणि भाईंदरच्या इमारती बारीक होत जातात. एफ ११ला साधारण पावणेदोन मीटरवर फोकस केला तर सुमारे नव्वद सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. तेच १०५ला करायला गेलात तर फोकस ३३ मीटरवर नेऊनही १७ मीटरच्या आतलं सारं धूसर. म्हणून लांब टोकाने ढीग आणि क्षितिज दोन्ही धरायचा हट्ट सोडावा. कडक येण्यासाठी एफ २२ला जाऊ नये. इतक्या बारीक भोकातून येताना प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. आठ ते अकरा पुरे.

लांब टोकाला मिठागराचे बांध दोऱ्यांसारखे एकावर एक येतात, पण त्यासाठी उंची हवी. जमिनीवरून पाहिलं तर पाण्याचे चौकोन चपटे होऊन त्यांची एकच चमकती पट्टी होते. चार-पाच मजले वर गेलं की चौकोन उघडतात. एखाद्या सोसायटीची गच्ची मिळाली तर सोनं. सेक्रेटरीकाकांना आदल्या दिवशी भेटून, ओळखपत्र दाखवून, किती वेळ थांबणार ते सांगून परवानगी घ्यावी. मालिकांच्या शूटिंगची सवय असलेला हा पट्टा. ट्रायपॉड दिसला की ‘दादा, कुठल्या सिरियलचं?’ हे पहिलं वाक्य. डोंगराचा फोटो काढतोय म्हटलं की लोक आधी डोंगराकडे पाहतात, मग आपल्याकडे. आणि मग हमखास कोणीतरी वयस्कर माणूस जवळ येतो आणि पूर्वी कुठपर्यंत शेतं होती, ते हात करून दाखवतो.

प्रकाशाचं गणित इथे दिशेने ठरतं. डोंगर पूर्वेला. सकाळी सूर्य त्याच्या मागून येतो, तेव्हा डोंगर म्हणजे काळी कड. ती कड हवी असेल तर पहाट उत्तम. पण अंगावरचं जंगल, घळी, ओढ्यांच्या वाटा पाहायच्या तर दुपारी चारनंतरचं पश्चिमेचं ऊन हवं. मिठागर आणि खाडी पश्चिमेला, त्यामुळे संध्याकाळी ते सूर्यासमोर येतात आणि पाणी पेटल्यासारखं दिसतं. एकाच गच्चीवर, एकाच संध्याकाळी, आधी पूर्वेकडे तोंड करून ७० ते १२० आणि मग पाठ फिरवून २४ ते ३५, असं काम करता येतं. लेन्स बदलायची तर तेवढ्यात चांगला प्रकाश निघून जातो. पोलरायझर फिल्टर सूर्याशी काटकोनात असलेल्या आकाशावर सर्वांत जास्त काम करतो. २४ला मात्र आकाश एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकं पडतं, तेव्हा तो काढलेला बरा.

खरा शत्रू हवा. लांब टोक जितका मुलूख कापतं तितकीच मधली हवाही चित्रात आणतं. तीन किलोमीटरवरचा डोंगर म्हणजे तीन किलोमीटर धूर, धूळ आणि बाष्प. थंडीत वारा पडला की हायवेवरचं सगळं खाली साचतं आणि डोंगर दिवसचे दिवस राखाडी होऊन बसतो. ते धुकं नाही, आणि त्याला धुकं म्हणून सुंदर ठरवायची आपल्याला लागलेली सवय मला खटकते. उन्हाळ्यातल्या दुपारी तापलेल्या डांबरावरून आणि गाळ्यांच्या पत्र्यांवरून हवा थरथरते; तिला कितीही महाग लेन्स काही करू शकत नाही. सर्वांत स्वच्छ वेळ पावसाळ्यातली. दोन सरींच्या मधला अर्धा तास, हवा धुतलेली, डोंगरावर ढगांचे पुंजके अडकलेले, ओढे पांढरे झालेले. तेव्हा १२०ला झाडांचे शेंडे सुटे दिसतात.

पादचारी पुलावरून काढायचं तर आणखी एक पथ्य. कंटेनर खालून गेला की पूल हलतो. पायांना जाणवत नाही, पण १२०ला फोटोत दिसतं. ट्रायपॉड असूनही दोन अवजड गाड्यांच्या मधली उसंत पाहूनच बटण दाबावं लागतं. ट्रायपॉडवर लेन्सचं स्थिरीकरण जुन्या लेन्समध्ये बंद करावं, नाहीतर नसलेली थरथर शोधत ते स्वतःच चित्र हलवतं.

उत्तनला गेलं की सगळा रंगच बदलतो. पावसाळा संपून होड्या समुद्रात गेल्या की किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत पडतात. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकलेले, अशा रांगांमागे रांगा. मांडवांच्या मधून मावश्या टोपल्या घेऊन फिरत असतात, त्यांना अडथळा न होता एका बाजूला उभं राहून ८०-१००ला पाहिलं तर त्या रांगा एकमेकींना चिकटतात आणि मधल्या फटींतून समुद्राचा निळा पट्टा चमकतो. लँडस्केपमध्ये माणूस नको, असं मानणारी एक परंपरा आहे. उत्तनच्या किनाऱ्यावर ती लागू करणं मला शक्य वाटत नाही. तो किनारा माणसांनी केलेला आहे.

घोडबंदरचा किल्ला खाडीकाठच्या टेकाडावर आहे. पोर्तुगीजांच्या हातातून तो १७३७च्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. पुढे १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. बुरुजावर उभं राहिलं की हा किल्ला इथेच का, हे कुणाला विचारावं लागत नाही. खाली पाण्याचा रुंद पट्टा, येणारी-जाणारी प्रत्येक होडी नजरेच्या टप्प्यात, पलीकडे वसईच्या बाजूचे डोंगर. २४ला बुरुजाची कड, पाणी आणि आकाश एकत्र घेतलं तर जागा कळते. १०५ला पलीकडच्या डोंगरांच्या रांगा एकामागे एक फिकट होत गेलेल्या मिळतात, आणि वरसाव्याच्या पुलावरचे ट्रक त्यांच्या पायथ्याशी. मला तिथे दोन्ही लागतात. पहाऱ्यावरच्या माणसालाही दोन्ही लागत असणार, सगळी खाडी आणि त्यातली एक होडी.

लांब टोकाबद्दल मला जे सर्वांत तळमळीने सांगायचं आहे ते असं. २३ अंशांच्या चौकटीतून शहर सहज कापून टाकता येतं. पेणकरपाड्याच्या गच्चीवरून असा फोटो काढता येतो की बघणाऱ्याला वाटावं, हा आंबोलीचा घाट आहे. होर्डिंग गेलं, टॉवर गेला, मेट्रो गेली, उरलं हिरवं रान आणि ढग. अशा फोटोंना दाद मिळते आणि ते काढण्यात कौशल्यही आहे. पण त्या फोटोतून एक चुकीची खबर जाते की डोंगर सुरक्षित आहे, एकांतात आहे, त्याला कुणाचा धक्का लागत नाही. प्रत्यक्षात जंगलाच्या कडेपर्यंत बांधकामं आली आहेत, बिबटे आणि माणसं एकमेकांच्या वाटेत येतात, आणि मिठागरांच्या जमिनीवर काय उभं राहणार, याची चर्चा कधी थांबत नाही. म्हणून लांब टोक वापरताना चौकटीच्या तळाशी शहराची एक ओळ मी मुद्दाम ठेवतो. गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेले कपडे, मेट्रोचा डबा, आणि त्यांच्या वर लगेच जंगल. ही जवळीक या गावाचं वैशिष्ट्य आहे. ती कापली तर फोटो कुठलाही होतो.

देखभालीचं एवढंच सांगतो की इथल्या हवेत लेन्सला बुरशी धरते. जून ते सप्टेंबर कपाटात बंद ठेवलेली लेन्स ऑक्टोबरमध्ये उघडावी आणि आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसावेत, हे मुंबई पट्ट्यात नवीन नाही. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास, एवढं पाळावं. आणि पावसाळ्यातही लेन्स वापरात ठेवावी. जुनी लेन्स घेण्यासाठी फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला गेलात तर मागून टॉर्च मारून आतून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. झूमची नळी खाली तोंड केल्यावर आपोआप घसरते का, तेही तिथेच पाहून घ्या.

यंदा दिवाळीनंतर करता येईल असं एक काम आहे आणि त्याला प्रवासखर्च नाही. आपल्या घराची किंवा ओळखीच्या सोसायटीची एक गच्ची ठरवा. कठड्याचा एक कोपरा ठरवा. २४-१०५च्या रिंगवर २४, ३५, ५०, ७०, १०५ असे आकडे कोरलेले असतात. मधल्या कुठल्याही जागी न थांबता त्या पाच आकड्यांवर डोंगराचे पाच फोटो घ्या आणि पाठ फिरवून खाडीचे पाच. तारीख, वेळ आणि कोपरा वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच कोपऱ्यातून, त्याच आकड्यांवर पुन्हा. २४च्या फोटोत नवे टॉवर मोजता येतील, ३५मध्ये मेट्रोची रेघ, १०५मध्ये डोंगराच्या उतारावरची झाडी कुठे विरळ झाली ते. या भागाची अशी वर्षागणिक नोंद ठेवायला मोठी संस्था लागत नाही. पेणकरपाड्यात, काशीगावात, नवघरला, भाईंदरच्या खाडीकाठी, उत्तनच्या चौकात एकेका माणसाने एकेक गच्ची धरली तरी पुरे. गच्चीची किल्ली वॉचमनकाकांकडे असते. साडेचारला वर गेलात तर डोंगरावर ऊन असेल.